शेजारच्या बागेत कुटुंबासह: गोव्यातील उद्याने आणि चालण्याच्या वाटा यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील शहरांमध्ये घरापासून चालत जाता येईल अशा बागा पुष्कळ आहेत. पण तेथे लहान मुले, आजी-आजोबा आणि रोज चालणारी माणसे एकाच वेळी येतात आणि प्रत्येकाच्या अडचणी वेगळ्या असतात. लोक जे प्रश्न सतत पाठवतात ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एकच मुद्दा दोन ठिकाणी येत असेल, तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कोणत्या बागेत जावे यापेक्षा तेथे केव्हा जावे या निर्णयाला आम्ही अधिक महत्त्व देतो, आणि बहुतेक उत्तरांत ते दिसेल.

१. लहान मुले आणि वृद्ध या दोघांनाही घेऊन जाण्याजोग्या बागा कोणत्या?

पणजीत कांपालचा परिसर यासाठी सर्वांत सोयीचा आहे. मांडवीच्या काठाने जाणारा सपाट रस्ता, त्यावर मांडव घालणारे जुने पर्जन्यवृक्ष, मुलांसाठी भगवान महावीर बालविहार आणि जवळच कला अकादमी असे सारे तेथे थोड्या अंतरात मिळते, त्यामुळे थकलेल्या माणसाला एका जागी बसवून बाकीच्यांना चालता येते. शहराच्या मध्यभागी, चर्चच्या चौकालगत असलेले नगरपालिका उद्यान गार्सिया द ओर्ता यांच्या नावाने ओळखले जाते. हे पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आले आणि येथील औषधी वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. ही बाग लहान आहे; तिथे चालण्यापेक्षा सावलीत बसणे अधिक चांगले घडते.

पणजीतल्याच आल्तिनो टेकडीवरील जॉगर्स पार्क नियमित चालणाऱ्यांना आवडते, परंतु तेथे पोहोचण्यासाठी टेकडीचा चढ आहे आणि गुडघे दुखणाऱ्यांनी तो पायी चढू नये. मडगावात नगरपालिकेसमोरचे उद्यान, आगाखान पार्क आणि झऱ्याकाठचे आना फोंत ही नावे लोकांच्या तोंडी आहेत. वास्कोजवळ सड्यावरचे जपानी गार्डन समुद्रावरच्या कड्यावर आहे; तेथील दृश्य सुंदर आहे, मात्र धावत्या वयाच्या मुलाचा हात तेथे एक क्षणही सोडू नये.

२. प्रवेशासाठी पैसे लागतात का? बाग नेमकी कोणाची असते?

गोव्यात १ महानगरपालिका, १३ नगरपालिका आणि १९१ ग्रामपंचायती आहेत. शेजारची बाग बहुधा यांपैकी एका संस्थेची असते, तर काही बागा वन खात्याच्या उद्यान विभागाकडे आहेत. वस्तीतल्या बागेत सहसा मोफत जाता येते, आणि जेथे शुल्क असते तेथे ते फाटकावरच्या फलकावर लिहिलेले असते. उघडण्याच्या आणि बंद होण्याच्या वेळाही त्याच फलकावर असतात. पहिल्या भेटीत त्याचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण बाग कोणाची आहे हे पुढे तक्रार करताना लागते (प्रश्न १८).

३. बागेत जाण्यासाठी सर्वांत चांगली वेळ कोणती?

चालणाऱ्यांसाठी सकाळ आणि मुलांसाठी संध्याकाळ, असा सर्वसाधारण नियम धरावा. गोव्यात उन्हापेक्षा दमटपणा अधिक थकवतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ३३-३४ अंशांच्या आसपासच असतो, पण हवेत इतकी आर्द्रता असते की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. म्हणून त्या दोन महिन्यांत सकाळी आठनंतर भरभर चालणे थांबवावे आणि दुपारी बारा ते चार या वेळेत मुलांना खेळण्यांवर नेऊ नये.

उजेडाचा हिशेबही ऋतूप्रमाणे बदलतो. जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सातनंतर मावळतो; डिसेंबरअखेर मात्र तो संध्याकाळी सहाच्या थोड्या वेळाने मावळतो आणि जानेवारीत सकाळी सातच्या सुमारास उगवतो. याचा अर्थ असा की, साडेपाचला कार्यालयातून सुटून मुलाला बागेत नेणाऱ्या पालकांच्या हाती हिवाळ्यात उजेडाचा जेमतेम अर्धा-पाऊण तास उरतो, म्हणून त्या दिवसांत आजी-आजोबांनी मुलांना आधीच घेऊन जाणे आणि आई-वडिलांनी थेट बागेत पोहोचणे ही व्यवस्था बऱ्याच घरांत चांगली चालते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सातवीण फुलते आणि तिचा उग्र गंध संध्याकाळनंतर वाढतो. ज्यांना त्या गंधाने डोके दुखते किंवा श्वासाचा त्रास होतो, त्यांनी त्या झाडाजवळचे बाक टाळावेत किंवा सकाळची वेळ धरावी.

४. मला चालायचे असते आणि मुलाला खेळायचे असते. दोन्ही एकाच वेळी कसे जमवावे?

दोन मोठी माणसे असतील तर पाळी लावावी, हे सर्वांत सुरक्षित. एक जण चालतो तेव्हा दुसऱ्याने खेळण्यांजवळ उभे राहावे आणि त्या वेळेत भ्रमणध्वनी खिशात ठेवावा. एकटे असाल तर मुलाच्या आसपासच्या लहान फेरीवर चालावे आणि मूल सतत नजरेच्या टप्प्यात राहील एवढाच पल्ला ठेवावा. ज्या बागेत चालण्याची वाट झाडीमागे वळते, तेथे पाच वर्षांखालील मूल खेळत असताना त्या वाटेने जाऊ नये.

गर्दीत ताटातूट झाली तर कोठे उभे राहायचे, हे मुलाशी आत शिरतानाच ठरवावे. पणजीच्या नगरपालिका उद्यानातील वाद्यवृंदाचा मंडप यासाठी उत्तम आहे, कारण तो बागेच्या कोणत्याही कोपऱ्यातून ओळखता येतो. लहान मुलाच्या हातावर पेनाने फोन क्रमांक लिहिणे जुन्या वळणाचे वाटेल, तरीही फेस्ताच्या (चर्चच्या वार्षिक उत्सवाच्या) किंवा जत्रेच्या दिवसांत ते अवश्य करावे. मूल काही मिनिटांत सापडले नाही, तर आधी फाटकावरच्या रखवालदाराला सांगावे आणि लगेच ११२ ला फोन करावा. स्वतः शोधण्यात वेळ घालवून मग फोन करू नये.

५. रोज किती चालावे? फेऱ्या मोजाव्यात की वेळ?

वेळ मोजावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे. मध्यम श्रम ओळखण्याची सोपी खूण अशी की, त्या गतीने चालताना बोलता येते पण गाता येत नाही. प्रत्येक बागेची फेरी वेगळ्या लांबीची असल्यामुळे ‘रोज दहा फेऱ्या’ या मोजमापाला फारसा अर्थ राहत नाही.

लहान बागेत एकाच दिशेने गोल फिरल्यास वळणावर दर वेळी एकाच पायावर जास्त भार येतो. निम्म्या फेऱ्या उलट दिशेने घ्याव्यात. मात्र गर्दीच्या वेळी बहुसंख्य लोक ज्या दिशेने चालत आहेत त्याच दिशेने चालणे शिष्टाचाराला धरून होईल. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. चालताना छातीत दडपण आले, घाम फुटला किंवा डावा हात भरून आला, तर फेरी पूर्ण करण्याचा हट्ट न धरता तेथेच बसावे आणि सोबतच्यांनी १०८ ला फोन करावा.

६. बागेत दगडगोट्यांची पट्टी असते. तिच्यावर अनवाणी चालणे चांगले का?

निरोगी माणसाला त्यापासून अपाय होत नाही आणि अनेकांना बरे वाटते. परंतु ज्या मधुमेहींच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी अनवाणी चालू नये. टोचलेले त्यांना कळत नाही आणि छोटी जखम आठवडाभरात चिघळते. तळपायाला भेगा असलेल्यांनी, अलीकडे पडलेल्यांनी आणि तोल जाणाऱ्यांनीही ही पट्टी सोडून द्यावी. पावसाळ्यात ती कोणासाठीच योग्य नाही, त्याचे कारण प्रश्न ९ मध्ये आहे.

७. आजी चाकाच्या खुर्चीवर आहेत. त्यांना घेऊन जाता येईल का?

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात असे बंधन घातले आहे, आणि जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांसाठीचा महोत्सव पहिल्यांदा झाल्यानंतर गोव्यात या विषयाची जाण वाढली आहे. तरीही सर्व बागा सारख्या नाहीत, म्हणून एकाने आधी जाऊन पाहून यावे हेच बरे.

पाहण्याच्या गोष्टी मोजक्या आहेत. दुचाकी आत येऊ नयेत म्हणून फाटकात रोवलेल्या खांबांमधून किंवा फिरत्या आडकाठीतून खुर्ची जात नसेल, तर रखवालदार शेजारचे मोठे फाटक उघडून देतो का ते विचारावे. उताराची उंची एक हात असेल तर त्याची लांबी निदान बारा हात असायला हवी. त्याहून तीव्र उतारावर खुर्ची ढकलणाऱ्याची दमछाक होते आणि उतरताना धोका वाढतो. वाटेवर पसरलेली बारीक खडी पुढच्या छोट्या चाकांना अडकवते, अशा ठिकाणी खुर्ची उलटी करून मोठी चाके पुढे घेऊन ओढावी. स्वच्छतागृहाची अवस्था आधी पाहावी, कारण वृद्ध स्त्रिया त्या एका कारणासाठी बागेत येणे टाळतात आणि घरी तसे बोलूनही दाखवत नाहीत. कांपालच्या सपाट काठावर ही भेट सर्वांत सुकर होते.

८. झोपाळे, घसरगुंडी आणि व्यायामाची यंत्रे वापरताना काय तपासावे?

मुलाला सोडण्यापूर्वी घसरगुंडीला हाताची मागची बाजू काही क्षण लावून पाहावी. ती धातूची असेल आणि दुपारचे ऊन तिच्यावर पडले असेल, तर संध्याकाळी पाचलाही तिचा चटका बसतो. झोपाळ्याच्या साखळीची वरची कडी झिजलेली नाही, बैठकीला तडा नाही आणि खाली सिमेंटऐवजी वाळू किंवा मऊ आच्छादन आहे, एवढे नजरेने पाहता येते. घसरगुंडीवर चढणाऱ्या मुलाच्या गळ्यात ओढणी, टोपीची दोरी किंवा ओळखपत्राची नाडी असू नये. ती वरच्या कठड्यात अडकून फास बसतो.

एक गोष्ट फार थोड्या पालकांना माहीत असते. मुलाला मांडीवर घेऊन मोठ्या माणसाने घसरगुंडीवरून घसरणे सुरक्षित वाटते, पण मुलाचा बूट कडेला अडकला की मोठ्याच्या वजनाने दोघेही खाली जात राहतात आणि मुलाच्या नडगीचे हाड पिळवटून मोडते. मूल एकटे घसरू शकत नसेल तर ती घसरगुंडी त्याच्यासाठी मोठी आहे असे समजावे, आणि त्याला लहान घसरगुंडीकडे न्यावे.

व्यायामाची यंत्रे प्रौढांच्या उंचीसाठी बनवलेली असतात. त्यांच्या हलत्या सांध्यांमध्ये लहान बोटे चेंगरतात, म्हणून मुलांना त्यांच्यावर खेळू देऊ नये, मग ती यंत्रे मोकळी असली तरीही.

९. पावसाळ्यात बागेत जावे का?

जावे, पण पायाखालची वाट नीट तपासून. गोव्यातील बागांत चिऱ्यांच्या किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांच्या वाटा असतात आणि जूननंतर काही आठवड्यांतच त्यांच्यावर शेवाळ धरते. हे शेवाळ नेहमी हिरवे दिसत नाही. झाडाखालच्या बाजूला ते काळसर पातळ थरासारखे असते, ओले असताना चमकते, आणि चिऱ्यांच्या खळग्यांत साचून राहते. वाटेचा मधला, लोकांच्या पायांनी घासला गेलेला भाग कोरडा आणि खडबडीत असतो, तर कडेचा भाग निसरडा. म्हणून पावसाळ्यात वाटेच्या मधून चालावे, गुळगुळीत झालेल्या रबरी चपला घरी ठेवाव्यात आणि वृद्धांनी छत्रीबरोबर काठीही घ्यावी. उतारावर शेवाळ दिसले तर ती फेरी रद्द करणे शहाणपणाचे, कारण साठीनंतर मोडलेले खुब्याचे हाड माणसाला महिनोन्महिने अंथरुणाला खिळवते.

विजांचा धोका भर पावसाळ्यापेक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या वळिवात जास्त असतो. गडगडाट ऐकू आला की वीज पोहोचेल एवढ्या अंतरावर आहे असे धरून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. उंच झाडाखाली किंवा चारही बाजूंनी उघड्या मंडपात उभे राहणे सुरक्षित नाही.

माडाखालच्या बाकांविषयीही येथेच सांगितले पाहिजे. नारळ आणि वाळलेली चुडते (झावळ्या) वाऱ्यापावसात अवचित पडतात. पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारे, मिळणे कठीण झाल्यापासून अनेक ठिकाणी पाडणी वेळेवर होत नाही. बसण्यापूर्वी वर पाहावे, आणि घोस दिसला तर बाक बदलावा.

१०. संध्याकाळी डास चावतात. डेंग्यूची भीती खरी आहे का?

खरी आहे, आणि तिचे कारण आपल्या सोयीच्या वेळेतच दडलेले आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि सूर्योदयानंतरचे व सूर्यास्ताआधीचे सुमारे दोन-दोन तास हा त्याचा विशेष सक्रिय काळ असतो, म्हणजेच नेमक्या चालण्याच्या आणि खेळण्याच्या वेळा. हिवतापाचा अ‍ॅनाफिलिस रात्री चावतो. मुलांना पूर्ण बाह्यांचे फिकट रंगाचे कपडे घालावेत, डासरोधक मलम त्यांच्या तळहातांवर लावू नये, कारण ते तोंडात जाते, आणि जेथे पाणी साचले आहे तेथून दूर बसावे. एडिसला फार पाणी लागत नाही: टायरच्या झोपाळ्याच्या पोटात, टाकलेल्या शहाळ्यात किंवा झाडाच्या ढोलीत राहिलेले ओंजळभर पाणीही त्याला पुरते. असे पाणी दिसले तर स्वतः उपडे करावे. जे आपल्याला करता येणार नाही ते प्रश्न १८ प्रमाणे कळवावे.

११. डबा नेता येतो का? मुलाचा वाढदिवस बागेत साजरा करता येतो का?

घरचा कोरडा डबा बहुतेक बागांत चालतो. स्वयंपाक, शेगडी आणि मद्य चालत नाही. भाजी-पाव किंवा भजी बाहेरच्या गाड्यावर खाऊन आत यावे, कारण तेलकट कागद मुंग्या आणि कुत्र्यांना बोलावतो. थुंकण्याविरुद्ध आणि धूम्रपानाविरुद्ध गोव्यात १९९७ चा स्वतंत्र कायदा आहे, हे पाहुण्यांना आधीच सांगावे.

वाढदिवसासाठी लेखी परवानगी विचारावी. चार मुले आणि एक केक असे असेल तर कोणी हरकत घेत नाही, परंतु खुर्च्या, सजावट किंवा ध्वनिक्षेपक आणायचा असेल तर बागेची मालकी असलेल्या संस्थेचे पत्र हवेच. ध्वनिक्षेपकाला २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वेगळी लेखी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत तो लावता येत नाही. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या आणि सजावटीचे थर्माकोल यांवर बंदी आहे, तेव्हा दुकानदाराने दिले म्हणून ते आणू नये. घरच्या स्टीलच्या ताटल्या पिशवीत घालून नेणे मुळीच अवघड नाही.

१२. फुले, फळे आणि बिया मुलांना गोळा करू द्याव्यात का?

झाडावरची तोडू देऊ नयेत, पडलेली वेचू द्यावीत. पहाटे बकुळीखाली पडलेली ओवळां, म्हणजे तिची फुले, वेचून दोऱ्यात ओवणे हे गोव्यातल्या मुलांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे सुख आहे आणि त्यात कोणाचे काही जात नाही. जांभळे खाण्यापूर्वी धुवावीत.

मात्र पिवळ्या कण्हेरीला, जिला आपण बिट्टी म्हणतो, मुलांनी हात लावू नये. तिच्या हिरव्या त्रिकोणी फळातली बी हृदयावर परिणाम करणारे विष बाळगते आणि मुले ती खेळायला घेतात. लाल-काळी गुंजही तितकीच घातक आहे. ती चावली गेली तर विष बाहेर पडते. बी गिळल्याचा संशय आला तर उलटी काढण्याच्या खटपटीत न पडता उरलेले फळ सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

झाड किंवा मोठी फांदी कोणी कापत असेल तर तो वेगळा विषय आहे. १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे त्यासाठी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि ती दाखवा असे विचारण्यात काही गैर नाही.

१३. मुलांना सायकल आणि क्रिकेटची बॅट नेऊ द्यावी का?

चालण्याच्या वाटेवर दोन्ही नकोत. आधाराची छोटी चाके लावलेली सायकल सकाळी गर्दी नसताना चालते. कडक चेंडूसाठी मैदान गाठावे.

१४. आमचा पाळीव कुत्रा सोबत आणला तर चालेल का?

फलकावर मनाई नसेल तर चालते, पण दोरी सोडू नये, त्याची विष्ठा उचलण्यासाठी कागद किंवा पिशवी ठेवावी आणि खेळण्यांच्या वाळूत त्याला नेऊ नये, कारण विष्ठेतले जंत वाळूतून मुलांच्या पोटात जातात. कुत्र्याचे रेबीजचे लसीकरण अद्ययावत असावे. एखादे मूल कुत्र्याला घाबरत असेल तर कुत्रा किती गुणी आहे हे समजावत न बसता आपण बाजूला व्हावे.

१५. भटके कुत्रे बागेत येतात. त्यांना खाऊ घालणाऱ्यांना अडवता येते का, आणि चावा घेतला तर काय करावे?

२०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार खाऊ घालण्यावर बंदी नाही; मात्र त्यासाठी ठरवलेली जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून आणि ये-जा करण्याच्या फाटकांपासून दूर असली पाहिजे. म्हणून भांडण करण्याऐवजी स्थानिक संस्थेकडे जागा ठरवून मागावी. आमच्या मते दोन्ही बाजूंचे समाधान करणारा हाच मार्ग आहे. कुत्रा गुरगुरत आला तर पळू नये; हात अंगाशी घेऊन स्थिर उभे राहावे आणि त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये, हे मुलांकडून घरीच करवून घ्यावे.

चावा, ओरखडा किंवा जखमेवर चाटणे यांपैकी काहीही झाले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट असे काही लावू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करावी. रक्त आले असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन हे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते, त्याविषयी डॉक्टरांना स्वतःहून विचारावे. मांजर आणि माकड यांच्या चाव्यालाही हेच लागू आहे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपचार जवळजवळ नसतोच, म्हणून ‘ओळखीचा कुत्रा आहे’ या विश्वासावर दिवस घालवू नयेत.

१६. वाटेवर साप दिसला तर?

थांबावे, मुलांना मागे घ्यावे आणि त्याला जाऊ द्यावे. बागेत दिसणारे साप पुष्कळदा धामण किंवा पाण्याजवळची दिवड असतात आणि त्या बिनविषारी आहेत, पण ओळख पटवण्याची जबाबदारी आपली नाही. साप तेथून हलत नसेल तर रखवालदारामार्फत वन खात्याला कळवावे.

दंश झालाच तर तो अवयव फळी बांधून हलणार नाही असा ठेवावा, आवळपट्टी बांधू नये, चिरा देऊ नये आणि १०८ बोलवावी. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि म्हापसा व मडगाव येथील जिल्हा रुग्णालये यांपैकी जे जवळ असेल तेथे न्यावे. आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर बनवलेली आहे. घाटाच्या बाजूला आढळणाऱ्या चापड्यासारख्या सापांवर ती लागू पडत नाही, म्हणून रानातल्या वाटांवर घोट्यापर्यंतचे बूट आणि रात्री बॅटरी अनिवार्य समजावी.

१७. सलीम अली पक्षी अभयारण्य किंवा बोंडला येथे गेलो तर हेच नियम लागू होतात का?

नाही, तेथे नियम कडक आहेत. अभयारण्यांना १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू असतो. पाळीव प्राणी, मोठा आवाज, प्राण्यांना खाऊ घालणे आणि पानफूल तोडणे यांतले काहीही चालत नाही, आणि प्रश्न १२ मधली वेचण्याची मुभाही तेथे धरू नये.

चोडण बेटावरचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य जेमतेम १.८ चौरस किलोमीटरचे आहे आणि रायबंदरहून फेरीबोटीने पोहोचता येते, त्यामुळे पणजीकरांना ते शेजारच्या बागेसारखेच जवळचे आहे. कांदळवनातली तेथील वाट सपाट आहे. ओहोटीच्या वेळी जावे. चिखल उघडा पडला की त्यावर उड्या मारणारे निवटी मासे आणि एकच नांगी मोठी असलेले खेकडे मुलांना हाताच्या अंतरावर दिसतात, आणि भरती आली की हे सारे पाण्याखाली जाते. फोंड्याकडचे ८ चौरस किलोमीटरचे बोंडला गुरुवारी बंद असते.

सत्तरी तालुक्यातल्या रानवाटांबाबत एक वेगळी दक्षता घ्यावी लागते. तेथे २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा ताप गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि काजूच्या हंगामात, म्हणजे कोरड्या महिन्यांत, त्याचा धोका अधिक असतो. पालापाचोळ्यावर बसू नये, घरी येताच कपडे गरम पाण्यात टाकावेत, मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे, आणि नंतर ताप आल्यास आपण कोणत्या रानात गेलो होतो हे डॉक्टरांना सांगावे.

१८. खेळणे मोडले आहे, दिवे बंद आहेत. तक्रार कोठे आणि कशी करावी?

बाग ज्या संस्थेची आहे तिच्याकडे लेखी करावी आणि पोच घ्यावी. ‘बागेची दुरवस्था झाली आहे’ असे लिहिल्याने काम होत नाही. ‘पूर्वेच्या फाटकाकडून दुसऱ्या झोपाळ्याची डावी साखळी वरच्या कडीजवळ झिजली आहे’ असे लिहिले आणि तारखेसह छायाचित्र जोडले, तर त्याच कागदावरून माणूस हत्यारे घेऊन येऊ शकतो. मुलांना इजा होण्याजोगी गोष्ट असेल तर पत्राची वाट न पाहता रखवालदाराला सांगून ते खेळणे दोरीने बांधून घ्यावे. पंधरवड्यात काही हालचाल झाली नाही, तर त्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे किंवा पंचसदस्याकडे पोचेची प्रत द्यावी, आणि त्यानंतरही काही घडले नाही तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून दुरुस्तीच्या खर्चाची नोंद मागावी.

१९. फेस्त, शिगमो आणि कार्निव्हालच्या दिवसांत बागेत जाता येते का?

जाता येते, पण नेहमीची शांतता तेथे नसते. ८ डिसेंबरच्या फेस्ताला पणजीच्या चर्चभोवती फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, भरते आणि नगरपालिका उद्यानाच्या कडेने दुकाने लागतात. मिरवणुकांच्या दिवशी रस्ते वळवले जातात आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. अशा दिवशी चालणाऱ्यांनी पहाटेची वेळ धरावी, खुर्चीवरच्या वृद्धांना घेऊन दुसऱ्या बागेत जावे, आणि मुलांना दुकाने पाहायची असतील तर प्रश्न ४ मधली भेटीची जागा आधी ठरवून घ्यावी. परतीसाठी कदंब महामंडळाची बस किंवा पायलट (भाड्याची मोटारसायकल) मिळण्यास त्या दिवशी उशीर होतो, हे लक्षात घेऊन अंधारापूर्वी निघावे.